सुका भुसा, ओला भुसा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर नगरमध्ये भिक्षुकी केली. लाकडाचे त्यांच्या लेखी दोनच उपयोग, होमात नाहीतर चुलीत. त्यामुळे मला नवीन नोकरी लागली तेव्हा ती कसली आहे हे त्यांना सांगताना माझी पंचाईत झाली.

"लाकूड आणायचं, बारीक करायचं आणि परत जमिनीवर पसरायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि हे लोक विकत घेतात?"

"घेतात, बाबा. झाडांच्या बुडाशी टाकतात. ओल टिकते, तण उठत नाही."

ते पुन्हा पोथीत शिरले. मल्चिंग म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना तो काळा-चंदेरी प्लास्टिकचा कागद आठवतो, कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरतात तो. आमचं मल्चिंग लाकडाचं, हे सांगितलं की लोक हसायचे. पुढेपुढे मी "लाकडाच्या कारखान्यात आहे" एवढंच म्हणू लागले.

त्याआधी मी एका खाजगी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलं कमी झाली, तुकड्या बंद पडल्या, तशी प्रयोगशाळेलाही कुलूप लागलं. मैत्रिणीच्या ओळखीतून ही नोकरी मिळाली. काम म्हणजे बिलं करायची आणि फोन घ्यायचे. जागा नगरच्या एमआयडीसीच्या पलीकडे, माळावर. एक लांबलचक पत्र्याचं शेड, शेडमध्ये लाकूड फोडणारं मशीन, त्याला जोडलेली मोठी फिरती चाळणी आणि मागच्या मोकळ्या जागेत तयार मालाचे ढीग. रस्त्याच्या कामात तोडलेल्या बाभळी आणि कडुनिंब, उपटलेल्या डाळिंबाच्या बागा, वखारीतले निकामी तुकडे, असं काय काय टेम्पोतून यायचं. मशीन त्याच्या ढलप्या करायचं. ढलप्या लिंबाच्या आणि डाळिंबाच्या बागांना, नर्सऱ्यांना जायच्या. आणि ढलप्यांबरोबर निघायचा भुसा.

मालक सोनईकडचे. घरचा ऊस, स्वतः शेतकी पदवीधर, माझ्याहून वयाने बरेच लहान. मला 'मॅडम' म्हणायचे, मीही त्यांना 'दादा' म्हणायचे, कारण सगळेच म्हणायचे. मशीनवर जे होते त्यांना सगळे 'मामा' म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, मिरजगावचे, आधी वर्षानुवर्षं वखारीत आऱ्यावर काम केलेले. त्यांची बायको आमच्याकडेच झाडलोट करायची आणि पोती भरायची, म्हणून त्या मामी. दोघं शेडजवळच्या खोलीत राहायचे. त्यांची मुलगी नगरमध्ये नर्सिंग शिकत होती, तीही त्याच खोलीत.

भुशाची मला लवकर सवय झाली. तो सगळीकडे असायचा. डब्याच्या झाकणावर, फोनच्या बटणांत, माझ्या स्कूटीच्या सीटवर. जिभेवर कडू लागलं की आज कडुनिंब चाललाय हे न बघता कळायचं. मामा काम संपलं की हवेची नळी अंगावर मारून घेत, मग त्यांच्याभोवती एक पिवळट ढग उठायचा आणि त्यातून ते हसत बाहेर यायचे. मामी पदर तोंडाला बांधून खराट्यानं शेड झाडायच्या. झाडून झालं की भुसा पुन्हा हळूहळू खाली बसायचा. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मग एके दिवशी विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्यानं शिडी मागवली, वर चढला, छपराच्या कैचीवरून, पत्रे पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरून, बोट फिरवलं आणि ते बोट खाली आम्हाला दाखवलं. बोटावर पिठासारखा थर होता.

"हे किती दिवसांत साफ केलं नाही?"

दादा म्हणाले, "तिकडं वर कोण जातंय साहेब?"

"हा उडाला आणि कुठे ठिणगी पडली, तर शेड जागेवर राहणार नाही. आगीचं सोडा, स्फोट होतो याचा." तो खाली उतरला. "धुळीची जबाबदारी कुणाकडे आहे इथे?"

दादांनी इकडेतिकडे बघितलं. मामा मशीनच्या पलीकडे होते. मी फोन घेऊन दारात उभी होते.

"मॅडमकडे," दादा म्हणाले. "त्या सायन्सच्या आहेत."

तो गेल्यावर मी भांडले. "दादा, मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायचे."

"आमच्यापैकी कुणी तेवढंही केलेलं नाही, मॅडम."

अशी मी धुळीची जबाबदार झाले. मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, पण एक प्रयोग माझ्या लक्षात होता. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी एका सरांनी तो केला होता आणि डबा, नळी, मेणबत्ती मीच जमवून दिली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना शेडपासून लांब, मोकळ्या माळावर नेलं. पत्र्याच्या एका डब्यात मेणबत्ती लावली. आधी भुशाची एक रास पत्र्यावर ठेवून तिला काडी लावून दाखवली. रास नुसती काळी पडली, जराशी धुमसली आणि विझली.

"बगा," मामा म्हणाले, "आन त्यो सायब म्हनतो बॉम हाय."

मग मी कैचीवरून खरवडून आणलेली बारीक भुकटी नळीत भरली, नळीचं टोक डब्याच्या बुडाच्या भोकात घातलं, डब्यावर झाकण ठेवलं आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. डब्यात फस्स झालं. झाकण वर उडालं, त्याच्या मागून ज्वाळेचा लोळ निघाला आणि क्षणात नाहीसा झाला. मामी ओरडल्या. मी स्वतः दोन पावलं मागे सरले, खरं सांगायचं तर मलाही ते एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

मामांनी आधी डब्याकडे बघितलं, मग लांबवर शेडच्या छपराकडे.

"ताई, तेच आमच्या डोक्यावर हाय व्हय?"

"तेच."

"एवढी वर्सं?"

"हो."

"मंग वखारीत कसं कदी काय न्हाई झालं?"

होतं कधी, नाहीतर नाही, असं काहीतरी मी म्हणाले.

पण त्या दिवसापासून माझं सगळे ऐकू लागले. मी जिथून मिळेल तिथून वाचलं, विमा कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं. हवेची नळी अंगावर मारायची नाही. बिडी फाटकाबाहेर. वेल्डिंग करायचं तर आधी तेवढी जागा धुऊन काढायची. मशीनच्या मोटारींवर झाकणं. आणि कोरडा खराटा बंद.

"मंग झाडायचं कशानं?" मामींनी विचारलं.

"पाणी मारून, मग ओढायचं."

"म्हंजे शेनकाल्यासारकं?"

"तसंच."

दादांच्या भावाचं सोनईला ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस होतं. तिथले जुने फॉगर दादांनी आणले. धुक्यासारखं पाणी सोडतात ते. मशीनच्या तोंडावर लावले, चाळणीवर लावले आणि लोडरनं माल भरताना धूळ उठते म्हणून मागच्या ढिगांवरही लावले. बटण दाबलं की शेडमध्ये पाण्याची नुसती वाफ उतरल्यासारखं व्हायचं आणि भुसा जागच्या जागी बसायचा. कैच्या धुतल्या. माझ्या टेबलावरचा थर गेला. डब्याचं झाकण पुसावं लागेना. विमा कंपनीचा माणूस पुन्हा आला, शिडी चढला, बोट फिरवलं आणि कोरडं बोट बघून म्हणाला, "छान." मी त्या दिवशी घरी जाताना पेढे घेऊन वडिलांकडे डोकावले. वडिलांनी विचारलं कशाचे, तर मी म्हटलं, भुसा बसला त्याचे. त्यांनी पेढा खाल्ला, आणखी काही विचारलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, थंडी पडली. सकाळी मी पोचायचे तेव्हा मागच्या ढिगांतून वाफा निघताना दिसायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. उकिरडाही हिवाळ्यात वाफाळतो. दादा मात्र एकदा ढिगात हात घालून चटकन बाहेर काढत म्हणाले, "मॅडम, आत लई गरम आहे हो. ओल्या कडब्याची गंज आतून पेटते तसं नाही ना व्हायचं?" म्हणून मी शाळेतला एक लांब तापमापक मागून आणला, काठीला बांधला आणि रोज ढिगात खुपसून बघू लागले.

त्याच सुमारास मामा आजारी पडू लागले.

दिवसभर ठीक असायचे. दुपारी मशीन थांबवून ते लोडरवर बसत, ढीग उकरत, टेम्पो भरत. लोडर जुना होता, त्याला काचेची केबिन नव्हती. ढीग फोडला की आतून पांढुरका धूर उठायचा. मी ती वाफ आहे असं समजत होते. संध्याकाळ झाली की मामांना हुडहुडी भरायची, अंग दुखायचं, ताप चढायचा, कोरडा खोकला यायचा. सकाळी उठायचे तेव्हा ताप उतरलेला असायचा, फक्त थकवा राहायचा. मग ते कामावर यायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं. मलेरिया म्हणून रक्त तपासलं, निघालं नाही. टायफॉईड म्हणून तपासलं, तोही नाही. डेंग्यूचंही तपासलं, तोही नाही. मामी एकदा फाटकाशी मला थांबवून म्हणाल्या, "ताई, सुट्टीच्या दिवशी येकदम चांगलं असत्यात. बाजार करत्यात, जेवत्यात. कामाव आलं की रातच्याला परत थंडी वाजती. काई बाहेरचं आसंल का?"

"बाहेरचं म्हणजे?"

त्या पदर सावरू लागल्या. मी म्हटलं, "मामी, छातीच्या डॉक्टरांना दाखवू. धुळीचं असेल."

पण म्हणता म्हणता मीच थांबले. धूळ कुठे होती? आमच्याकडे धूळ कधी नव्हती इतकी कमी झाली होती. मामा ज्या दिवसांत पिवळ्या ढगात उभे राहायचे तेव्हा खणखणीत होते. आता हवा स्वच्छ झाली आणि माणूस तापानं फणफणतोय. आणि मामी? त्या तर आख्खा दिवस त्याच मालाची पोती भरत होत्या, मास्क दिला तरी हनुवटीवर ओढून ठेवत, आणि त्यांना शिंकसुद्धा येत नव्हती. त्यावरून मी मनाशी ठरवलं की हे धुळीचं नाहीच. वखारीतल्या जुन्या दिवसांचं काहीतरी आता बाहेर पडतंय. चार दिवस मी असं मानलं, मग पुन्हा शंका आली, मग पुन्हा तेच मानलं.

मध्ये एकदा मलाही तसं झालं. दुपारी मी तापमापक घेऊन ढिगापाशी वाकले होते आणि तेवढ्यात मामांनी लोडरचं बकेट बाजूच्या ढिगात घातलं. पांढरा धूर माझ्या अंगावरून गेला. उग्र, कुबट वास आला, जुन्या गोधडीसारखा. संध्याकाळी घरी भाजी चिरताना अंगावर काटा आला, मग दात वाजायला लागले. नवऱ्यानं दोन ब्लँकेटं घातली, काढा दिला. सकाळी मी ठीक होते. साथीचा ताप असेल म्हणून सोडून दिलं. दोन्ही गोष्टी जोडून बघाव्यात असं माझ्या डोक्यात आलंच नाही.

शेवटी मामांना घेऊन मी नगरमधल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. मामी बरोबर होत्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला.

"काम काय करता?"

"लाकडाच्या भुशात हाय जी."

"भुसा सुका की ओला?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी अभिमानानं सांगायला लागले की आधी सुका होता, फार धोका होता, आता आम्ही सगळं ओलं ठेवतो, फॉगर लावले आहेत. बोलता बोलता डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं की मी जे सांगतेय ते चांगलं नाहीये.

"ओले ढीग किती दिवस पडून असतात?"

"असतात. महिनाभर, कधी जास्त."

"उकरल्यावर पांढरं काही उडतं?"

"वाफ असते."

"न्हाई वाफ," मामी पहिल्यांदाच बोलल्या. "हाताला लागतं की. पिठावानी. म्या रोज झटकते."

डॉक्टर म्हणाले, "बुरशी असेल. ओलं लाकूड गरम झालं की तिला फार आवडतं. उकरलं की ती पूड उडते, श्वासातून आत जाते. काही जणांची छाती तिच्यावर चिडते. काम केल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, सकाळी उतरतो. लोकांना मलेरिया वाटतो."

मला माझी ती संध्याकाळ आठवली. मी ती सांगितली. ते म्हणाले, असू शकेल, नसूही शकेल, एकदाच झालं ना?

"मग यांना काहीच कसं होत नाही?" मी मामींकडे बोट दाखवलं.

"नाही होत काही जणांना."

"का?"

"ते मलाही सांगता येणार नाही." त्यांनी फोटो पाकिटात घातला. "आणि मामांचंही मी शंभर टक्के सांगत नाहीये. गोळ्या देतो. पण काही आठवडे त्या ढिगांकडे फिरकू नका. बरं वाटलं तर आपण बरोबर आहोत असं समजायचं."

परत येताना रिक्षात मी एकसारखी एकाच गोष्टीभोवती फिरत होते. फॉगर मी लावले. ते लावले नसते तर कदाचित एखाद्या दिवशी शेडचं छप्पर उडालं असतं, आणि मशीनच्या सगळ्यात जवळ मामाच असायचे. लावले म्हणून मामा आजारी पडले. की फॉगर नसते तरी पावसानं ढीग भिजलेच असते? गेल्या वर्षीही ते भिजले होते, तेव्हा का नाही काही झालं? की झालं होतं आणि कुणी सांगितलं नाही? मला रागही कुणावर धरता येईना. समाधानही वाटेना.

दादांना सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले.

"थांबा मॅडम, मला नीट समजू द्या. सुकं ठेवलं तर स्फोट."

"हो."

"ओलं ठेवलं तर ताप."

"हो. आणि फार दिवस ओलं ठेवलं तर आतून पेटायचीही भीती."

"मग ठेवायचं कसं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, दादा."

ते हसायला लागले. मलाही हसू आलं आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांत पाणी आलं. ते बघून दादा उठले, पाणी आणलं आणि म्हणाले, "तुम्ही एकट्यानं का माहीत करून घ्यायचं? बसू आपण."

मग आम्ही जे केलं ते चाचपडत केलं. मागच्या ढिगांवरचे फॉगर काढले. मशीनच्या आणि चाळणीच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, त्याची पाइप शेडच्या बाहेर काढून मोठ्या पिशवीत सोडली. फॉगर फक्त मशीनच्या तोंडापाशी ठेवले आणि तेही माल ओला होणार नाही एवढेच. पिशवी लावायच्या आधी पंखा चालवून बघितला तेव्हा पाइपचं तोंड उलट्या बाजूला होतं, सगळी धूळ शेजारच्या शेतकऱ्याच्या कांद्यावर जाऊन बसली. तो बांधावर उभा राहून ओरडला, "आमी काय भुसा पिकवतो व्हय?" दुसऱ्या दिवशी पाइप वळवली. मोठे ढीग मोडून बुटके केले, वर ताडपत्री, खाली पाणी निघून जायला चर. जुना माल आधी जाऊ लागला. कापडाचे मास्क टाकून देऊन नाकावर घट्ट बसणारे मास्क आणले. लोडरला पत्र्याची आणि काचेची केबिन बसवली, ती सोनईच्याच एका वेल्डरनं करून दिली. आणि लोडर चालवायला दुसरा माणूस ठेवला.

मामा लाकूड उतरवायच्या बाजूला गेले, ढिगांपासून लांब. ताप थांबला. खोकला कमी झाला. मला वाटलं, कळलं एकदाचं. डॉक्टर बरोबर होते.

पण मग एका दिवशी नवा लोडरवाला आला नाही, टेम्पो उभा होता, आणि मामा कुणाला न सांगता स्वतः लोडरवर बसले. मला कळलं तेव्हा टेम्पो भरून झाला होता. मी त्यांच्यावर ओरडले. त्या संध्याकाळी माझं घरी लक्ष लागेना, शेवटी मी मामींना फोन केला.

"काय न्हाई ओ," मामी म्हणाल्या. "जेवले, झोपले. थंडी न्हाई न् काय न्हाई."

आणि त्यानंतर काही दिवसांनी, मामा ढिगांकडे गेलेही नव्हते तरी त्यांना पुन्हा हुडहुडी भरली. वारा तिकडून असेल, असं मी म्हटलं. दादा म्हणाले, साधा तापही असू शकतो, माणसाला साधा ताप येत नाही का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही शक्य आहे.

मामांनीच शेवटी निकाल लावला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "ताई, म्या जातो गावाकडं. थोरला भाऊ एकटाच हाय, शेतीला मानूस लागतोच."

"मामा, इथं आता सगळं बदललंय. बरं वाटेल तुम्हाला."

"वाटंल की. पन रोज संध्याकाळी म्या वाट बघत बसतो, थंडी येती का, थंडी येती का. आली न्हाई तरी वाट बघतो. त्याचाच लई वीट आलाय."

हे मला कळलं. माझंही तेच झालं होतं. कुणी शिंकलं तरी मी वर बघायचे, त्यांना वाटायचं मी रागावले.

मामी मुलीच्या शिक्षणासाठी नगरलाच राहिल्या आणि आमच्याकडेच काम करत राहिल्या. पोती त्याच भरतात, आता मास्क नाकावर असतो, कारण मी दिसले की त्या तो वर ओढतात. डॉक्टरांकडे नेऊन मी त्यांचा छातीचा फोटो काढून आणला. स्वच्छ निघाला. त्या खुश झाल्या. मी फोटोकडे नुसती बघत बसले. त्यातून मला काही उलगडलं असं नाही.

नव्या माणसांना मी आता दोन्ही गोष्टी सांगते. डब्याचा प्रयोग करून दाखवते आणि मग ढिगातली पांढरी पूड काठीवर घेऊन लांबून दाखवते. त्यांचे चेहरे गोंधळतात. एकानं विचारलं, "म्हंजे पानी मारायचं का न्हाई मारायचं?" मी म्हटलं, मशीनपाशी थोडं, ढिगावर नाही, आणि ढीग गरम लागला तर मला हाक मारायची. तो म्हणाला, "आन तुमी नसल्यावं?" मग मी ते दादांनाही शिकवलं, लोडरवाल्यालाही शिकवलं.

गेल्या उन्हाळ्यात कर्जतकडच्या एका लिंबाच्या बागेत आमचा माल कसा बसलाय हे बघायला दादांबरोबर गेले होते. मिरजगाव वाटेवरच. मी गाडी थांबवायला सांगितली. मामांचं घर रस्त्यापासून थोडं आत, पुढे गोठा. मामा म्हशीला पाणी दाखवत होते. अंगानं भरले होते, उन्हानं काळे झाले होते. आम्हाला बघून त्यांनी घाईघाईनं टोपी सारखी केली, खाट टाकली.

"ताप?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"न्हाई. हरभरा काढला तवा जरा खोकला आल्ता. मळणीच्या दिवशी. मग म्या वाऱ्याच्या अंगाला बसलो, तर राह्यला."

"डॉक्टरांकडे गेलात?"

"गेल्तो मिरजगावातच. तपासलं, चांगलं हाय म्हनला."

दादा मामांच्या थोरल्या भावाशी उसाबद्दल बोलत होते. मामा माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "ताई, येक इचारू का? मला खरं काय झाल्तं?"

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोरडा भुसा, ओले ढीग, बुरशी, ती पूड. डॉक्टर काय म्हणाले, काय म्हणाले नाहीत. लोडरवर बसलात त्या दिवशी ताप का आला नाही हे मला कळलेलं नाही, हेही सांगितलं. आणि मी लावलेल्या पाण्यामुळे हे झालं असावं, पण ते न लावता दुसरं काही झालं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही, असंही म्हटलं. ते मान हलवत ऐकत होते.

"म्हंजे तुमालाबी नक्की ठाव न्हाई."

"नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले. ते चिडले नव्हते, उलट जरा हलके झाल्यासारखे वाटले. "मला वाटायचं, सगळ्यांना ठाव हाय आन मलाच कोन सांगत न्हाई."

मग ते उठले आणि चहा ठेवायला सांगायला आत गेले.